चौतीसची पट्टी

धाकट्या भावाची पँट शिवणकामाच्या दुकानात आली की मास्तर ती इतर कपड्यांच्या ढिगात टाकत नसत. आसपास कुणी नाही असं बघून ते ती मांडीवर घेत आणि मागची शिवण उसवत.

भाऊ बस चालवायचा. शाळेत तो असा पळायचा की सगळे त्याला बाण म्हणत. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, केस विरळ झाले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. फक्त बाण आता दिवसभर स्टिअरिंगमागे बसून असायचा, आणि दर फेरीनंतर साखरेचा चहा, बाटलीतलं सरबत, बिस्किटांचा पुडा. पोट सुटलं नसतं तरच नवल. पँट घट्ट झाली की तो ती आणून टेबलावर टाकायचा.

"दादा, धुतल्यावर आटलीय बघ."

"कापडात दमच राहिला नाही हल्ली," मास्तर म्हणायचे.

याला कारण होता शेजारचा किल्लीवाला. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. एकदा भर दुकानात तो म्हणाला, "अरे, हा बाण कसला? याचा तर भाता झालाय!" सगळे हसले, भाऊही हसला. मग कितीतरी दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. त्या दिवशी तो न जेवताच झोपला, हे भावजयीने नंतर सांगितलं. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं त्यांनी केलेलं. जगात याला टोचणारे पुष्कळ आहेत, त्यात आपल्या टेपची भर कशाला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तेव्हापासून पँट सैल होत गेली. आधी शिवणीत सोडलेलं जादा कापड संपलं, मग बाजूला कापडाचे तुकडे जोडून कळ्या घातल्या. नवीन पँट शिवायची तर मास्तर नजरेनेच अंदाज घेत, पण कंबरेच्या आत मापाचा आकडा असलेली पट्टी लावायची वेळ आली की खणातून नेमकी चौतीसची काढत. भावाचं मन राखलं, एवढंच त्यांना वाटायचं. आपण शहाणपणा करतोय असंसुद्धा वाटायचं, हे जास्त वाईट.

मग डेपोत सगळ्या चालकांची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊ हसतच दुकानात शिरला. किल्लीवाला चहा पीत बसला होताच.

"दादा, मला म्हणे कोलेस्टेरॉल आहे! मी म्हटलं, अंडी सोडतो, लोणी सोडतो. तर डॉक्टरीणबाई म्हणतात, तेवढ्याने भागणार नाही, तुमचा घोळ पोटात आहे."

"पोटात कसा?" किल्लीवाला म्हणाला. "ते तर रक्तात असतं ना?"

"तेच तर! पोटाच्या आत चरबी साठली की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही म्हणे. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, पण ऐकतंय कोण! या गोंधळात यकृत चरबी बनवत सुटतं आणि रक्तात ओतत राहतं. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट आणखी घातक होतं. साखर अजून काठावर आहे, थोडं वजन उतरवलंत तरी फरक पडेल, म्हणाल्या. गोड बंद करा, गोळी सुरू करू, परत या." भावाने हात उडवला. "वजन काय, हाडंच जड आहेत माझी. मी सांगितलं, बाई, माझी कंबर लग्नातली आहे. चौतीस. सख्खा भाऊ शिंपी आहे, विचारा त्याला."

आणि त्याने दोन्ही हात वर केले. "घाल टेप, दादा. होऊन जाऊ दे एकदा."

मास्तरांनी टेप घातली. पोटावरून फिरून ती पुढे आली तेव्हा त्यांच्या अंगठ्याखाली बेचाळीस होते. किल्लीवाल्याने मान उंच केली होती, चेहऱ्यावर हसू अगदी तयार. भाऊ वर छताकडे बघत होता, हात तसेच, लहानपणी सदरा घालून घ्यायला उभा राहायचा तसा.

मास्तरांनी अंगठा आकड्यावर दाबून धरला.

"चौतीस," ते म्हणाले.

"बघा!" भाऊ किल्लीवाल्याला म्हणाला, आणि शीळ घालत ड्युटीवर गेला.

संध्याकाळी घरी जाऊन, त्याला एकट्याला गाठून सांगायचं, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. गेलेही. पण भाऊ इतका खुशीत होता की त्यांना सांगवेना. उद्या सांगू, रविवारी सांगू, असं चालढकलीवर राहिलं. भाऊ डॉक्टरकडे परत गेला नाही. अंडी मात्र त्याने इमानेइतबारे सोडली, आणि सरबताची बाटली सोबत नेत राहिला.

एका सकाळी पहिल्या फेरीआधी, बसच्या दाराला हात लावलेला असतानाच तो खाली बसला. पुन्हा उठला नाही.

डेपोने त्याच्या जागी मुलाला नोकरी दिली. भावजय त्याला घेऊन दुकानात आली, हातात नवऱ्याच्या गणवेशाच्या पँट. चांगल्या आहेत, टाकवत नाहीत, म्हणाली.

"काका, मला बसतीलच," मुलगा म्हणाला. "बाबांचं माप माझंच." पडद्याआड जाऊन तो पँट घालून आला. दोन्ही मुठींत कंबर धरून आला. आधी हसला. मग त्याने आतली पट्टी उलटून पाहिली, चौतीसचीच, आणि हसायचा थांबला.

भावजयीने पुढे होऊन कंबर उलटी केली. जुन्या टाक्यांची भोकं एकाशेजारी एक दिसत होती, बाजूला कळ्या दिसत होत्या. तिला शिवणातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कुणालाही कळलं असतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मास्तरांनी सगळं सांगितलं. टेपचंही सांगितलं. वाटलं, आता ही ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं.

"मी रोज म्हणायचे, अहो, पोट बघा, त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला म्हणायचे, दादा खोटं सांगेल का?"

मास्तरांनी तोंड फिरवलं आणि ते रडले, दुकान उघडं असताना, गिऱ्हाईक दारात असताना. कुणी त्यांना गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने मुलगाच पुढे झाला. त्याने दोन्ही हात वर केले.

"काका, माझं माप घ्या."

मास्तरांनी डोळे पुसून टेप घातली. अंगठा बाजूला ठेवला.

"छत्तीस," ते म्हणाले.

"चौतीस असेल, काका. नीट बघा."

"नीटच बघितलं," मास्तर म्हणाले. "छत्तीस."