अंपायरच्या मागच्या खिशातून

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. हे ऐकल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर टूथब्रश उभा राहिला असेल. माझ्या दुःखाची सुरुवात तिथूनच होते. टूथब्रशला लोक सकाळी उठल्याउठल्या भेटतात, आणि तेही तोंड उघडून. मला भेटायला आजवर कोणी लवकर उठलेले नाही.

मी बेसबॉलच्या अंपायरचा ब्रश आहे. या खेळात फलंदाज उभा राहतो तिथे जमिनीत एक पांढरी, पाच कोपऱ्यांची रबरी पाटी बसवलेली असते. तिला होम प्लेट म्हणतात. चेंडू तिच्यावरून गेला तर स्ट्राइक, बाजूने गेला तर बॉल, आणि तिच्यावर माती बसली असेल तर भांडण. ती माती झाडणे हे माझे काम.

माझा दांडा बीच नावाच्या झाडाचा आणि केस घोड्याच्या शेपटीचे आहेत. म्हणजे माशा हाकलण्याचा अनुभव मला जन्माआधीच होता. ज्या फळीतून मी निघालो, त्याच फळीतून माझा एक सख्खा भाऊ निघाला. तो एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या कोटांवरची धूळ काढतो, असे मी कारखान्यातच ऐकले. लोकर, मखमल, कधीमधी अत्तराचा वास. मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. त्याने माझे काहीही वाकडे केलेले नाही, हेच मला जास्त खुपते.

माझी नेमणूक ओहायोमधल्या एल्म फोर्क या गावी रोंडा स्टॉफर यांच्याकडे झाली. रोंडाबाई सकाळी शाळेची बस चालवतात आणि उन्हाळ्यात संध्याकाळी धान्याच्या उंच कोठारांमागच्या मैदानावर मुलांच्या सामन्यांत अंपायर असतात. त्यामुळे गावातली दहा-बारा वर्षांची मुले त्यांना दोन्हीकडून घाबरतात. मैदानावर मात्र त्यांना कोणी रोंडाबाई म्हणत नाही. अंपायरचा शर्ट निळा, म्हणून सगळे 'ब्लू' म्हणतात. आईवडील घडीच्या खुर्च्या मांडून बसतात, सूर्यफुलाच्या बिया चघळतात, टरफले थुंकतात आणि मधूनमधून ओरडतात, "ओ ब्लू, डोळे बसमध्येच राहिले का?"

माझी जागा रोंडाबाईंच्या पँटच्या मागच्या खिशात होती. दांडा आत, केस बाहेर. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर, आपल्या यष्टिरक्षकासारखा. अंपायर त्याच्याही मागे, मैदानाकडे तोंड करून उभा राहतो. आता मागच्या खिशातून काय दिसेल, याचा विचार तुम्हीच करा. मी इतके उन्हाळे बेसबॉलमध्ये काढले, पण पाहिले ते फक्त प्रेक्षक. कोणाची आजी कोणत्या क्षणी डोळे मिटते, कोणाचे वडील मुलगा बाद झाल्यावर एकदम फोन बघू लागतात, हे मला तोंडपाठ आहे. सामना कोण जिंकले हे मी चेहऱ्यांवरून ओळखायचो.

आणि बाईंचा जाळीचा मुखवटा? तो बाईंच्या तोंडावर बसायचा. समोरून सगळा खेळ बघायचा. एखादा चेंडू खाडकन त्याच्यावर आदळला की सगळे "अरे बापरे!" म्हणायचे आणि घरी जाताना त्याच्याबद्दल बोलायचे. डाव्या हातात एक छोटी चकती असायची, स्ट्राइक आणि बॉल मोजणारी. बाई सामनाभर तिला कुरवाळायच्या. मी मनातल्या मनात जळायचो. लाकडाने जळू नये, हे मला कळते. पण स्वभाव.

माझे सुख एकच होते. प्लेटवर माती साचली की बाई हात वर करून खेळ थांबवायच्या. प्रेक्षकांकडे पाठ करून वाकायचे नाही, अशी अंपायर लोकांची रीत आहे. म्हणून त्या वळसा घालून प्लेटच्या पुढे यायच्या, प्रेक्षकांकडे तोंड करायच्या, मला काढायच्या आणि वाकायच्या. तेवढा वेळ अख्खे मैदान माझ्यासाठी थांबलेले असायचे. लोक त्या वेळात हॉट डॉग आणायला जायचे, ही गोष्ट वेगळी.

मग बाईंचा गुडघा दुखू लागला. वाकल्या की त्या "आई गं" म्हणायच्या. मला वाईट वाटायला हवे होते. मला वाटायचे, वा, माझ्यासाठी केवढा त्रास काढतात!

त्यांचे पती गिल यांना मात्र खरेच वाईट वाटले. त्यांनी बाईंच्या वाढदिवसाला एक यंत्र आणले. बॅटरीवर चालणारे, नारिंगी, पिस्तुलाएवढे. बटण दाबले की त्यातून वारा यायचा आणि माती उडून जायची.

"वाकायचं नाही, काही नाही," गिल म्हणाले. "उभ्या उभ्या फुऽऽ. झालं काम."

"अहो, गावात हसतील मला."

"आत्ता काय रडतात का?"

बाईंनी यंत्र हातात घेऊन पाहिले. स्वयंपाकघरातला पाव उडाला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बरं, शनिवारचा सामना यानेच काढते. जमलं तर ठेवू."

"आणि हा ब्रश?"

"गॅरेजमध्ये टाका. गवत कापायच्या यंत्राला खालून ओलं गवत चिकटतं ना, ते खरवडायला होईल."

मित्रांनो, माझा भाऊ मखमलीवर आणि मी ओल्या गवतात. त्या रात्री माझा एक केस गळला.

शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता. आमच्या गावात मुलांना जे शर्ट देतात, त्यांचे नाव संघाला मिळते. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा संघ सेप्टिक टाक्या उपसणाऱ्यांच्या संघाशी खेळत होता, आणि टाक्यावाले पुढे होते. नारिंगी यंत्र बाईंच्या पट्ट्याला लटकत होते. मला त्यांनी सवयीने सोबत आणले, पण कमरेला लावलेल्या चेंडूंच्या पिशवीत, तळाशी. पिशवीला एक फाटका कोपरा होता. त्यातून माझे केस बाहेर डोकावत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मला पुढचे दिसत होते. नेमका त्या दिवशी मला काही बघायचे नव्हते.

यंत्राने पहिल्यांदा फुऽऽ केले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! दातवाल्यांचा एक मुलगा म्हणाला, "ब्लू, मला एकदा धरू द्या ना!" दुसऱ्याने त्याला लगेच नावही दिले, 'वादळ'. माझे नाव इतक्या वर्षांत 'ब्रश'च्या पुढे सरकले नव्हते. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत ओर्विल आजोबा असतात. ओरडण्यात त्यांचा हात गावात कोणी धरू शकत नाही. तेसुद्धा म्हणाले, "बघा, निदान एका गोष्टीत तरी ब्लूची प्रगती झाली!"

ओर्विल आजोबांची नात टेसा त्या दिवशी टाक्यावाल्यांची कॅचर होती. ती बाईंच्या अगदी पुढ्यात, प्लेटच्या मागे उकिडवी बसलेली असायची. संघात ती एकटीच मुलगी. त्यांचे कोच बर्डेट यांचा मुलगा क्लिंट बाकावर बसला होता. त्याला उन्हाळाभर तीच जागा हवी होती. पायांना पॅड बांधून, मुखवटा मांडीवर घेऊन तो टेसाकडे एकटक बघत असायचा. खरे सांगतो, मैदानावर मला मनापासून समजू शकेल असा तो एकच माणूस होता.

खेळ रंगात आला होता. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू बॅटची कड घेऊन वळला आणि टेसाच्या दंडावर आदळला. दंडावर चिलखत नसते. धप् असा आवाज आला. टेसा गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पोटाशी घेतला.

बाईंनी हात वर करून खेळ थांबवला आणि वाकून हळूच विचारले, "बोटं हलव बघू."

टेसाने बोटे हलवली.

"कोपर?"

कोपरही हलले.

"मोडलेलं नाही काही. दुखतंय?"

"नाही," टेसा म्हणाली, आणि मुखवट्याच्या जाळीतून एक थेंब खाली मातीत पडला. "मी रडत नाहीये."

"मी कुठे विचारलं?"

"कोचना सांगू नका. ते क्लिंटला आणतील. शेवटचा सामना आहे हो, रोंडाबाई."

तेवढ्यात बाकावरून कोच बर्डेट ओरडले, "काय झालं? रडतेय का ती? क्लिंट, ऊठ रे, चढव मुखवटा!"

अंपायर लोकांची आणखी एक जुनी रीत आहे. नियमांच्या पुस्तकात ती कुठे नाही. कॅचरला लागले की अंपायर प्लेट झाडायला जातो. प्लेट मळलेली आहे की नाही, हे तो बघतही नाही. कोणी काही विचारत नाही, कारण प्लेट झाडणे हा अंपायरचा हक्क आहे. तो झाडत असतो, सगळे त्याच्याकडे बघत असतात, आणि कॅचर त्याच्या पाठीमागे जाऊन डोळे पुसून घेतो.

बाई सवयीने वळसा घालून पुढे आल्या. सवयीने हात पट्ट्याकडे गेला. बटण दाबले.

फुऽऽ.

प्लेट आधीच स्वच्छ होती. यंत्राचे काम एका क्षणात संपले. बाई यंत्र हातात धरून तशाच उभ्या. लोकांना बघायला काही उरले नाही, म्हणून सगळ्यांनी टेसाकडे बघितले. तिचे खांदे हलत होते. क्लिंट मैदानात येऊ लागला.

मी पिशवीच्या तळाशी होतो. काय वाटले ते लपवत नाही. मला आनंद झाला. फजिती झाली यंत्राची! पण तो आनंद फार टिकला नाही, कारण फाटक्या कोपऱ्यातून मला दिसत होते, ते पोरीचे तोंड.

बाईंचा हात पिशवीत शिरला. एक चेंडू बाजूला झाला, दुसरा झाला, आणि त्यांनी मला दांड्याने धरून बाहेर काढले. मग त्या वाकल्या. नुसत्या वाकल्या नाहीत, दुखरा गुडघा मातीत टेकवून खाली बसल्या. टेसा उठून त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या बाजूला गेली. त्यांनी झाडायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. मग एकेक कोपरा, जणू दातांच्या डॉक्टरांना दाखवायचा आहे.

"ओ ब्लू!" ओर्विल आजोबा गरजले. "प्लेट झाडतेयस की चर्च?"

"एक कोपरा राहिलाय, ओर्विल!"

"तिला पाचच कोपरे आहेत!"

"मग पाचही राहिलेत!"

लोक हसले. सगळे आमच्याकडे बघत होते, मीही त्यांच्याकडे बघत होतो, सवयीप्रमाणे. आजोबा आणखी काही ओरडणार होते. तोंड उघडलेही. पण त्यांची नजर बाईंच्या मागे गेली. तिथे त्यांची नात पाठमोरी उभी राहून बाहीने नाक पुसत होती. आजोबांनी तोंड मिटले. मग उभे राहून, आणखी मोठ्याने ओरडले, "नीट झाड गं बाई! आम्हाला काही घाई नाही! कधी नव्हे ते काम करतेयस!"

"ब्लू, झालं का नाही?" कोच बर्डेट वैतागले. "मुलगा उभा आहे माझा."

"प्लेट माझी आहे, कोच. झाली की सांगते." बाईंनी मान न वळवता विचारले, "टेसा, झाली का गं?"

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग थोड्या जाड आवाजात उत्तर आले, "झाली. स्वच्छ आहे."

"कॅचर म्हणतेय, स्वच्छ आहे," बाईंनी जाहीर केले. "बसव रे क्लिंटला, कोच. खेळा!"

उठताना त्यांना टेसाने हात दिला. दुखरा नव्हे, दुसरा. पुढचा चेंडू तिच्या हातातून सुटला. त्याच्या पुढचा सुटला नाही. सामना टाक्यावाल्यांनी जिंकला, पण दातवाल्यांनाही शेवटी आइस्क्रीम मिळाले, म्हणून त्यांच्या चेहऱ्यांवरून काही कळले नाही.

घरी गिल यांनी बाईंच्या गुडघ्यावर बर्फ ठेवला. "यंत्र वाईट निघालं का?" त्यांनी पडेल चेहऱ्याने विचारले.

"छान आहे हो. फक्त फार लवकर संपतं."

"बॅटरी?"

"काम."

मित्रांनो, मी गॅरेजमध्ये गेलो नाही. आता माती असली की वादळ फुऽऽ करते, टाळ्या घेते, मुलांच्या हातांतून फिरते. मी माझ्या मागच्या खिशात असतो. मला फक्त स्वच्छ प्लेट झाडायला काढतात. म्हणजे कोणाला तरी लागले तरच. मला कामाची हाव आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण हल्ली माझ्यावर भलतीच वेळ आली आहे. सामना सुरू झाला की मी खिशात बसून मनात म्हणतो, आज मला काढू नका. सगळ्या टाळ्या त्या नारिंगी पोराला मिळोत. हे म्हणताना अजून जळजळते, पण म्हणतो.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. ब्रश ओला ठेवू नका, केस वाकतात. म्हणजे एकूण दोन झाली, पण पहिले छोटे आहे. खरे हे: तुमच्यासमोर कोणी रडू आवरत असेल, तर त्याच्याकडे बघत राहू नका. फळा असो, बाक असो, चष्मा असो, जे हाताशी असेल ते पुसायला घ्या. ते आधीच स्वच्छ असले तरी चालेल. कोणी हसले तर हसू द्या. आणि कोपरे सावकाश करा.