विल्मुंडची ढाल

तेत्ताचा नवरा मेला त्याला एक हिवाळा उलटून गेला होता, आणि आज सकाळी त्याने लापशी दोनदा मागून घेतली होती.

रडताना तिने काही खोटं केलं नव्हतं. खाडीकाठी गलबतवाल्यांशी लढाई झाली, धनी एथेल्गार पडला आणि त्याच्याबरोबर गेलेलेही पडले. प्रेतं गावात आणली तेव्हा एकाच्या चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण हातात ढाल होती. तांबडी, आणि कडेच्या चामड्याला तेत्तानेच घातलेले टाके. ते टाके बघून तिने जो टाहो फोडला तो पोटातून आलेला होता. चर्चच्या आवारात त्या प्रेताला विल्मुंड म्हणून पुरलं. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर विल्मुंड लंगडत मागच्या दाराने घरी आला. रडून तर झालेलं होतं. ते परत कसं घ्यायचं?

तेव्हापासून तो कुडापलीकडे मेंढ्यांत राहत होता. सांगण्यासारखं त्याच्याकडे थोडंच होतं. धनी पडला तशी त्याच्या हातून ढाल गळाली आणि पाय पळाले. त्याचा जिवलग दुद्दा मात्र जागचा हलला नाही. दुद्दाची स्वतःची ढाल फुटली होती, म्हणून त्याने विल्मुंडची उचलली; एवढं विल्मुंडने पळता पळता वळून पाहिलं होतं.

म्हणजे पुरला होता तो दुद्दा. आणि प्रेतांत एक माणूस कमी भरला तेव्हा गावाने ठरवलं, की पळाला तोही दुद्दाच. धन्याच्या दालनात मधाची दारू पिऊन ‘तुमच्या आधी घरी येणार नाही’ अशी शपथ घ्यायची आणि मग पाठ दाखवायची, अशा माणसाचं नाव थुंकल्याशिवाय कोणी घेत नसे. त्याची आई, बुग्गामावशी, विहिरीवर आली की बायका आपापली भांडी उचलून बाजूला होत. तेत्ताही होई. ती वीराची विधवा. तिने तर आधी व्हायचं.

ईस्टरच्या जेवणासाठी धन्याच्या विधवेने, धनीणबाईने, शाहीर बोलावला. हेरबाल्ड त्याचं नाव. तो पडलेल्यांच्या घरोघर जाऊन माणसं गोळा करत होता, म्हणजे त्यांचं बोलणंचालणं. दुपारचा तेत्ताकडे येऊन बसला. तिने धुरावलेला मासा पुढे ठेवला.

“वहिनी, निघताना तुमचे विल्मुंड काही बोलले होते का? मोठंसं काही?”

“बूट ओले आहेत म्हणाले.”

“हं. ते राहू दे.” हेरबाल्डने काटा काढून कुत्र्याला टाकला. “त्यांना मी मरण फार छान दिलंय. ऐकता?”

नको म्हणायचं तरी कसं? त्याने बोटं पुसली, वाद्य मांडीवर घेतलं आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर तार छेडत गाऊ लागला:

“धनी धुळीत पडला, ढाल ना ढळली;
वीर विल्मुंड उभा, वादळात खडक.
दुद्दा मात्र दडला, दलदलीतून धावला,
उंदीर जसा उष्ट्याकडे, आईच्या चुलीकडे.”

“खोटं आहे ते!” कुडाआडून आवाज आला.

“मेंढी आहे,” तेत्ता घाईने म्हणाली.

“बोलते छान,” हेरबाल्ड म्हणाला.

विल्मुंड बाहेर आला. दाढीत गवत अडकलेलं. “माझं काय वाटेल ते गा. पण दुद्दाला पळवू नकोस. तो पळाला नाही, मी पळालो. शपथेवर सांगतो.”

“तुझ्या?” हेरबाल्डने विचारलं. टोमणा मारला नव्हता. नुसतं विचारलं होतं. विल्मुंड खाली बसला.

हेरबाल्डने उरलेला मासा संपवला. मग तेत्ताकडे बघत म्हणाला, “वहिनी, गावाला जे ठाऊक आहे ते मी गातो. शपथ मोडलेल्याचा शब्द दालनात चालत नाही, त्याला मी काय करू? न मोडलेल्या कोणी उभं राहून सांगितलं तर बदलेन. नाहीतर आज मी इथे मेंढी ऐकली. पण एक लक्षात घ्या, पळपुट्याचं कडवं फार चांगलं जमलंय. पोरं पहिलं तेच पाठ करतील.”

तो गेल्यावर तेत्ता नवऱ्यावर उसळली. “सबंध हिवाळा तोंड मिटून बसलात. बुग्गामावशीच्या दारात लोक थुंकून गेले, तेव्हाही बसलात. आणि आज एका कडव्यासाठी बाहेर आलात?”

“थुंकी वाळते गं. कडवं नाही वाळत. आपण मेलो तरी दुद्दा पळतच राहील.”

“मी बोलले तर जमीन जाईल.”

“जाईल.”

“हाकलून देतील आपल्याला.”

“मला देतील. तू राहा विधवा म्हणून.”

“एक दिवस राहून बघितलंय,” तेत्ता म्हणाली. “नाही आवडलं मला.”

ईस्टरच्या दिवशी दालनात तिला पडलेल्यांच्या बायकांत सगळ्यांत वर बसवलं. धनीणबाईने पेला स्वतः आणून दिला. बुग्गामावशीला बोलावणं नव्हतं. ती बाहेर, मांस भाजत होते तिकडच्या धुरात उभी होती. ऐकायला तिथूनही येत होतं.

हेरबाल्डने गाण्यात सगळ्यांना रडवून रडवून धन्याला मारलं. विल्मुंडचं कडवं आलं तेव्हा सगळ्यांचे ओले डोळे तेत्ताकडे वळले. तिने पेल्यात तोंड घातलं. मग हेरबाल्ड एक तार जुळवू लागला. तार चांगली जुळलेली होती. तरी तो जुळवतच राहिला. तो आपल्यासाठी थांबलाय हे तिला कळलं, आणि तिला त्याचा भयंकर राग आला. ती उठली नाही.

“दुद्दा मात्र दडला—”

“थांबा,” तेत्ता म्हणाली. ती कधी उभी राहिली, तिचं तिला समजलं नाही.

गाणं मध्येच अडवल्याचं त्या दालनात कोणी पाहिलं नव्हतं.

“चुकलंय ते. ढाल आमची होती, हात दुद्दाचा होता. पुरलाय तो दुद्दा आहे.”

धनीणबाई शांतपणे म्हणाली, “तुला कोणी सांगितलं?”

“नवऱ्याने.”

“कधी?”

लोक पुढे सरकले. स्वप्नात आला असेल, भूत होऊन आला असेल.

“खूपदा. आज सकाळीसुद्धा, चूल पेटवताना.”

कोणीतरी हसलं, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून गप्प झालं. धनीणबाई तिच्याकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा नवरा सकाळी चूल पेटवायला आलेला नव्हता.

“शपथ घेशील?”

“घेते.” तेत्ताने पेल्यावर हात ठेवला आणि घेतली.

“हेरबाल्ड, मागून घे,” धनीणबाई म्हणाली. “धनी पडतो तिथून. आणि ती म्हातारी बाहेर उभी आहे, तिला आत आणा. तुला,” ती तेत्ताकडे न बघता म्हणाली, “उद्या उजाडल्यावर मी या गावात बघणार नाही. त्यालाही.”

बुग्गामावशी आत आली. बाकावर जागा नव्हती. तेत्ता आपल्या जागेवरून बाजूला झाली आणि म्हातारी तिथे बसली.

“तुला हे सगळा हिवाळा ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“होतं, मावशी. मी—”

“गप्प बस,” म्हातारी म्हणाली. “दुद्दाचं आलं. ऐकू दे मला.”