एक काज चुकवून

कपडा लपवायचा तर जिथं कुणी हात घालणार नाही तिथं लपवायचा, आणि तरीही कुणी हात घातलाच तर त्याला तो आवडू नये अशी तजवीज करून ठेवायची. ही विद्या मला मिजासनं शिकवली.

जुन्या कपड्यांच्या दुकानात मागच्या भिंतीशी पुरुषांच्या ओव्हरकोटांचा दांडा होता. कोट असे अगडबंब की त्या मापाचे पुरुष आता जन्मालाच येत नसावेत. तिकडे कुणी फिरकायचं नाही. महिनाअखेरीला काही झकास सापडलं, आणि आमच्यासारख्यांना झकास ते नेमकं महिनाअखेरीलाच सापडतं, की आम्ही ते एखाद्या कोटाच्या पोटात, त्याच हँगरवर अडकवायचो आणि वरून कोट बंद करायचो. पगार झाला की सोडवून न्यायचं. शिवाय मिजासची खास युक्ती होती. आतल्या कपड्याची बटणं ती एक काज चुकवून लावायची. मग एक खांदा वर, एक खाली, सगळं तिरपागडं.

"कुणी काढलाच तर म्हणेल, शिंप्यानं वाट लावलीय," ती म्हणायची, "आणि नाक मुरडून परत ठेवेल."

खरंच, आमचं एकही चिरगूट कधी कुणी नेलं नाही.

मिजास म्हणजे माझी मैत्रीण. हे नाव मीच ठेवलेलं आणि तिला ते फार आवडायचं. आम्ही एकाच इमारतीत कामाला होतो. मी खाली दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी, ती वर वकिलाकडे टायपिंगला. पगार बोटभर आणि साहेबांची अपेक्षा हातभर, की येणाऱ्यावर छाप पडली पाहिजे. लोक सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्याकडे अंथरूणच नव्हतं, तेव्हा आम्ही बिनधास्त पसरले. कुणाची झालर उतरवून कुणाच्या बाहीला लावली, पडद्याचं अस्तर स्कर्टला घातलं. वकिलाची बायको तिला विचारायची, कुठून घेतेस गं? मिजास गूढ हसायची.

ती काडी, मी पिंप. त्यामुळे आमच्यात कपड्यावरून भांडण व्हायचं कारण नव्हतं. तरी झालं. वांगी रंगाचा ड्रेस होता, गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत बारीक बटणांची रांग, अंगाला लागला की पाण्यासारखा गार. माप उघडउघड माझं. पण आमचा नियम होता, जिचा हात आधी तिचा कपडा, आणि हात तिचा आधी पडला.

"आत घेईन की जरा," ती म्हणाली.

"जरा? तुझ्यासारख्या दोन मावतील त्यात, मेले! गोणपाट दिसेल गोणपाट!"

ती हसली. तिच्या हसण्यानंच माझं डोकं फिरलं. ती पैसे द्यायला वळली आणि मी तरातरा निघून आले. पुढं जिन्यात भेटली की मी छताकडे बघायची. मग थंडीत तिच्या छातीत कफ झाला, तिला दवाखान्यात नेलं, आणि मी संत्री घेऊन पोचले तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती. संत्री मी तिथंच बाकावर, तिच्या पोरीशेजारी ठेवली. "मेले" हा माझा जन्माचा लाडका शब्द. तेव्हापासून तो जिभेवर येतो आणि मी तो गिळते.

त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायला मला उन्हाळा उजाडला. सवयीनं मागच्या भिंतीशी गेले, एका कोटाची बटणं सोडली, आणि आत एक राखाडी ब्लाउज होता. उंच गळ्याचा, कमरेत निमुळता. काडीच्या मापाचा. मी कोट मिटला आणि चटकन बाहेर पडले. दारात कुणाचा तरी पाय तुडवला, माफीसुद्धा मागितली नाही.

पुढच्या खेपेला मोतिया रंगाचा स्कर्ट. त्यानंतर मोरपंखी जाकीट, जे बघून मिजास दुकानातच गिरकी घेणार हे मी पैजेवर सांगितलं असतं. दर खेपेला नवं काहीतरी, सगळं तिच्या मापाचं, तिच्या डोळ्यानं निवडलेलं. फक्त बटणं सरळ. मला वाटलं, माणूस गेल्यावर नीटनेटकं होतं की काय!

कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असेल कुणीतरी बारीक बाई." शहरात बारीक बायका काय थोड्या आहेत? पण मला भीती वाटायची, आणि त्याहून मोठी भीती अशी की एक दिवस कोट उघडीन आणि आत काहीच नसेल. मी कोटांशी बोलू लागले. "राग गेला का गं?" असं एका बाहीला विचारलं. बाही हलली. पंखा चालू होता, मला कळतं. तरी मी त्या दिवशी घरी येऊन रडले.

मग एकदा दुकानाची मालकीण, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो, गल्ल्यावरून ओरडली, "त्या कोटांना काय कुरवाळतेस? उद्या किलोवर चाललेत सगळे. दांडाही काढतेय."

मिजासला मुक्काम करायला एवढीच एक जागा होती आणि तीच जाणार होती.

"आतल्या कपड्यांसकट?" माझ्या तोंडून निसटलं.

"आतले कसले? थंडी संपल्यावर कसर लागू नये म्हणून मी स्वतः एकेक कोट उन्हात झटकलाय. दोघींचे उद्योग मला ठाऊक नाहीत वाटतं? तेव्हा आत एक धागा नव्हता."

म्हणजे जे होतं ते त्यानंतर आलेलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी दाराशी उभी होते. आत शिरले, मागं गेले, तर कोट हलत होते. पंखा बंद होता. दोन कोटांच्या मधून एक बारीक मनगट बाहेर आलं आणि बटण चाचपू लागलं. ते मनगट मी कुठंही ओळखलं असतं.

"मिजास!" मी म्हणाले.

कोटांतून तिची पोरगी बाहेर आली. मागच्या दारानं शिरली होती. थंडीपासून किती उंच झाली होती! आईचं नाक, आईची मान.

"मावशी, रागावू नका," ती म्हणाली. "लहानपणी तुमचं बघून होईस्तोवर आई मला या कोटांत खेळायला सोडायची ना. मी इथं येते. तिला आवडलं असतं ते दिसलं की आत लपवते. विकत घेऊन काय करू? पण दुसऱ्या कुणी ते घातलेलं मला बघवणार नाही."

मला त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं आणि तसं मी धरलंही. पण खरं सांगू? त्याच क्षणी मिजास माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेली. इतके दिवस मी जिच्याशी बोलत होते ती नव्हतीच. होती एक आईवेगळी पोर.

आम्ही दोघींनी मिळून कोट उघडायला घेतले. ब्लाउज काढला, स्कर्ट काढला, जाकीट काढलं. शेवटचा सगळ्यांत अगडबंब काळा कोट राहिला.

"त्यात काही नाही, मावशी. तिथं माझा हात पोचत नाही."

मी तरी बटणं सोडली. आत वांगी रंगाचा ड्रेस होता. कमरेत आत घेतलेला नव्हता, एक टाकासुद्धा कुठं घातलेला नव्हता. आणि गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं एक काज चुकवून लावलेली.

"हे मी नाही ठेवलं," पोरगी म्हणाली. "हे आईच्या मापाचं कुठंय? घरी तर कधी बघितलंही नाही."

चष्मेवाली सुतळी घेऊन आली आणि थबकली. चष्मा वर करून तिनं ड्रेसकडे पाहिलं, मग स्वतः झटकलेल्या त्या कोटाकडे.

"हा मी विकलाय," ती हळू म्हणाली. "तुझ्या मैत्रिणीला. माझ्या हातानं पिशवीत घातला. म्हणाली, माझा नाही, तिचाय, जरा फुगू दे तिला, मग देते."

मग मी पर्स उघडायला लागले, तर तिनं मान हलवली. "एकदा विकलेला कपडा पुन्हा कसा विकू?"

मी पडद्यामागे जाऊन तो डोक्यावरून तसाच घातला. बसला. गार होता, आणि मग हळूहळू नव्हता. "मेले," मी आरशाला म्हणाले, कितीतरी दिवसांनी.

बाहेर आले तशी पोरगी पुढं झाली. "मावशी, बटणं चुकलीत, थांबा." तिची बारीक बोटं गळ्याशी आली.

मी तिचा हात धरला.

"राहू दे," मी म्हणाले. "सरळ केली की कुणीतरी घेऊन जाईल तिला."