नाव घ्यायचं यंत्र

"अपा, यात बौरसाक आहेत!"

मेरुयेर्तने खोक्याचं झाकण उघडलं आणि तळलेल्या पिठाचा वास काउंटरभर पसरला. खोक्यात वस्तू होती खरी. सहा दिवसांपूर्वी याच दुकानातून नेलेलं, करड्या कापडात मढवलेलं गोल बोलकं यंत्र मधोमध बसलं होतं. पण त्याच्या चारी बाजूंना, जिथे कंपनीने थर्माकोल भरून पाठवला होता, तिथे सोनेरी बौरसाक ठासून भरले होते.

"असू देत," कनिपा म्हातारी म्हणाली. "कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. सकाळीच तळलेत."

"आणि आतला थर्माकोल?"

"ते पांढरं होय? फेकलं. काही कामाचं नव्हतं."

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. म्हातारीही हसली, पण तिला कोण हसतंय ते दिसत नव्हतं. साखरेने तिचे डोळे खाल्ले होते. समोरची पोरगी तिला पांढऱ्या डागासारखी दिसत होती आणि बाकी किझिलओर्दा शहर म्हणजे नुसतं धुकं. खोकं ज्यात बांधून आणलं होतं तो फुलाफुलांचा रुमाल तिने काउंटरवर नीट पसरून ठेवला होता.

"परत द्यायचंय म्हणता?" मेरुयेर्तने विचारलं. पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची, जिभेने तिखट आणि मनाने मऊ. यंत्र तिनेच विकलं होतं. "बिघडलंय का?"

"छे गं. गुणी आहे. सारखं विचारतं, काय हवंय, काय हवंय. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं."

"मग?"

"मन बदललं."

आतल्या काचेच्या खोलीतून व्यवस्थापक सेइतझानचा आवाज आला. पन्नाशीचा माणूस, पोट पुढे आणि चष्मा कपाळावर. "खोकं उघडलंय ना? मग नाही. बिघाड असला तरच परत. मन बदललं त्याला आपण काय करणार?"

मेरुयेर्त काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "अपा, आवाज येत नाही म्हणा. मी लिहिते. मग घेतील."

"खोटं बोलू? या बिचाऱ्यावर?" म्हातारीने यंत्रावर हात ठेवला. "याने काय केलंय माझं? दोष याच्यात नाही, माझ्यात आहे."

"कसला दोष?"

 कसला दोष ते रांगेसमोर सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडत नव्हतं हीच तर सगळी रड होती.

आमच्याकडे जुन्या बायका सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत. सासरा, मोठे दीर, चुलत सासरे, जिवंत असोत की मातीत गेलेले, त्यांचं नाव सुनेच्या जिभेवर यायचं नाही. नावं ठेवायला मात्र मनाई नव्हती आणि तेवढ्यावर बायका भागवत आल्या. कनिपा अठराव्या वर्षी सून होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी यादी ऐकवली. यादीत सगळ्यात वरचं नाव सासऱ्याच्या थोरल्या भावाचं, लढाईवर जाऊन परत न आलेल्या तेमिरबेकचं. तेमिर म्हणजे लोखंड. आता लोखंडाशिवाय संसार कसा करायचा? कनिपाने करून दाखवला. लोखंडाला ती 'कडक' म्हणायची. पुढे तिला नोकरी लागली ती रेल्वेत, डबे धुवायची. रेल्वेला आम्ही तेमिरझोल म्हणतो, लोखंडाची वाट. कनिपाने तीस वर्षं कडक वाटेवर काम केलं आणि निवृत्त झाली. स्टेशनवरच्या बायका तिची थट्टा करायच्या, पण तिने जीभ विटाळली नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग मुलगा झाला. पाच मुली जन्मून गेल्यावर हा एकुलता जगला. सासऱ्याने नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या कानात तीन वेळा नाव सांगितलं: तेमिरबेक. घरात आनंदाने सगळे रडले. कनिपाही रडली, पण तिचं रडणं वेगळं होतं. स्वतःच्या पोराला नावाने हाक मारायची सोय राहिली नव्हती.

ती त्याला 'कोझिम' म्हणायची. माझं कोकरू. लहानपणी ते गोड होतं. पोरगं सात वर्षांचं असताना एकदा त्याचा डबा घरी राहिला. ती शाळेत घेऊन गेली. मास्तरांनी विचारलं, कुणाचा डबा? ती दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या कोकराचा." मास्तर म्हणाले, नाव सांगा बाई. ती नुसती उभी राहिली. वर्गात कुणीतरी 'बेंऽ' केलं. पुढे दहावीपर्यंत ते 'बेंऽ' पोराचा पिच्छा सोडत नव्हतं.

अडतिसाव्या वर्षी, तो अतिराऊला तेलविहिरींच्या कामावर जायला निघाला तेव्हा एका फालतू गोष्टीवरून त्याचं तिच्याशी भांडण झालं. आमच्या खारट चहात मीठ जास्त पडलं असं काहीतरी. त्यातून त्याने तीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं.

"दुनियेत सगळ्यांच्या आया नावाने हाक मारतात. तू मेलेल्या म्हाताऱ्याला भितेस आणि जित्या पोराला जनावराच्या नावाने बोलावतेस. ज्या दिवशी माझ्या नावाने हाक मारशील ना, त्या दिवशी ओ देईन. तोवर नाही!"

ती स्टेशनवर गाडीमागे पळाली होती. "कोझिम, कोझिम" म्हणून ओरडली. खिडकीतून चार परकी डोकी बाहेर आली, त्याचं आलं नाही. त्याला दोन हिवाळे झाले. दर महिन्याला बँकेत त्याचे पैसे यायचे. आवाज यायचा नाही. पोरगा बापावर गेला होता, शब्दाचा पक्का. असा पक्केपणा कुणाच्या कामाचा असतो, देव जाणे.

मग शेजारच्या व्हेराने सांगितलं की दुकानात असं यंत्र आलंय, त्याला बटणं दाबावी लागत नाहीत. माणसाचं नाव घ्यायचं, की फोन लागतो. नाव घेतल्याशिवाय मात्र काही होत नाही. ऐकल्याबरोबर कनिपाने कोट चढवला. डोळ्यांनी बटणं दिसत नाहीत हे कारण तिने सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. घरात ती एकटी, दार बंद, ऐकायला नुसतं यंत्र. तिथे तरी नाव निघेल, असं तिला वाटलं होतं.

व्हेराने घरी येऊन मुलाचा नंबर नावासकट यंत्रात घालून दिला. मग सहा दिवस ती यंत्रासमोर बसली. भिंतीवर सासऱ्याच्या भावाचा लष्करी टोपीतला फोटो होता, त्यावर तिने टॉवेल टाकला. दिसत नव्हता तरी टाकला.

"कोणाला फोन लावू?" यंत्र विचारायचं.

"ते..." ती म्हणायची, आणि जीभ टाळूला चिकटायची.

"मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

"कोझिम," ती हरून म्हणायची.

"कोकराच्या मांसाचा कुइरदाक कसा करावा ते ऐका. आधी शेपटीची चरबी वितळवून घ्या." असं म्हणून यंत्र पाककृती सांगायला लागायचं. सहा दिवसांत कनिपाने ती आठ वेळा पूर्ण ऐकली. कांदा फार लवकर घालायला सांगतं, एवढी एकच चूक तिला सापडली.

आता काउंटरवर मेरुयेर्तने यंत्राची वायर भिंतीत लावली. बिघाड आहे का, ते तपासल्याशिवाय ती कागद भरू शकत नव्हती. तिने यादी बघितली.

"एकच नंबर आहे. तेमिरबेक. मुलगा का तुमचा?"

म्हातारीने मान हलवली.

"मग म्हणा ना, तेमिरबेकला फोन लाव. इतकं सोपं आहे."

"तू म्हणू शकतेस गं, पोरी. तुझं बरंय."

 मग मेरुयेर्तच्या डोक्यात प्रकाश पडला. तिची आजीही गावाकडे एका दिराला 'तो शेजारचा' म्हणायची, आणि मेरुयेर्त हसून लोळायची.

"अय्या, एवढंच ना! अपा, आधी सांगायचं नाही का? यादीत काहीही नाव घालता येतं. तुम्ही काय म्हणता त्यांना?"

"नको," कनिपा घाईने म्हणाली.

"अहो, सांगा तर."

म्हातारीने रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नको म्हणायला हवं होतं, हे तिला कळत होतं. हाक नावानेच मारायची होती, त्याचसाठी तर हे सगळं. पण सहा दिवसांत ती थकली होती. आणि कोण जाणे, पोराचा राग निवळलाही असेल. मन मोठं लबाड असतं, सोपी वाट दिसली की तिकडेच धावतं.

"कोझिम," ती म्हणाली.

मेरुयेर्तने टकटक करून तेमिरबेक पुसलं आणि तिथे कोझिम लिहिलं. "झालं. आता म्हणा."

"कोझिमला फोन लाव."

यंत्रावर निळा दिवा लागला. "कोझिम यांना फोन लावत आहे."

घंटी वाजायला लागली. दुकानात टीव्हीच्या भिंतीवर वीस पडदे एकाच वेळी चालू होते, पण कनिपाला तेवढी एकच घंटी ऐकू येत होती. तिने डोक्याला बांधलेला रुमाल नीट केला, जणू तो बघणार होता. एक, दोन, तीन. सातव्या घंटीला मेरुयेर्त म्हणाली, "कामावर असतील." अकराव्या घंटीनंतर आवाज थांबला.

"कोझिम फोन उचलत नाहीत," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

"पुन्हा लावू या," मेरुयेर्त म्हणाली.

पुन्हा लावला. या वेळी दोनच घंट्या वाजल्या आणि पलीकडून कुणीतरी फोन कापला.

"अनोळखी नंबर बघून कापतात हो लोक."

"नाही गं," कनिपा म्हणाली. "नावाने हाक मारली नाही ना मी. त्याने सांगितलं होतं."

तिने दोन्ही हात काउंटरवर ठेवले.  म्हाताऱ्या बाईचा चेहरा असा झाला होता, की जणू जड बादली उचलायची आहे आणि कंबर साथ देत नाही. ओठ हलले, मिटले. तिने गळ्याशी कोटाची कॉलर घट्ट धरली, डोळे मिटले, आणि त्रेपन्न वर्षांत न उच्चारलेलं नाव तिच्या तोंडातून बाहेर पडलं. हळू नव्हे. स्टेशनवर मारायला हवी होती तशी ती हाक होती.

"तेमिरबेक!"

पडद्यांसमोर उभी असलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. यंत्रावर निळा दिवा लागला, क्षणभर फिरला.

"या नावाचं कुणीही नाही," यंत्र म्हणालं.

मेरुयेर्तने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, मीच बदललं ना ते! थांबा अपा, एक मिनिट, परत लिहिते. झालंच. आता परत म्हणा, तसंच म्हणा फक्त, लगेच लागेल."

"राहू दे."

"अहो, आता नक्की लागेल!"

"नाही, पोरी. एकदाच निघायचं होतं ते, निघालं." म्हातारीने कॉलर सोडली. तिचा आवाज साधा होता, गल्लीत हवापाण्याचं बोलावं तसा. "आता नाही निघायचं."

मेरुयेर्तला रडू फुटलं. तिला वाटत होतं आपल्याकडून काहीतरी मोडलं, पण काय ते तिला धड सांगता आलं नसतं.

सेइतझान काचेच्या खोलीबाहेर आला होता. त्याची आई त्याला जन्मभर 'धाकला' म्हणायची. तो घरात थोरला होता. लहानपणी त्याने का ते कधी विचारलं नाही आणि नंतर विचारायला आई उरली नाही. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, परतीचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या भरला. खोकं उघडलेलं: होय. बिघाड: नाही. 'कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, मन बदललं.

"इथे सही करा, अपा," तो म्हणाला, आणि तिचं बोट धरून योग्य जागी नेऊन ठेवलं.

मेरुयेर्तने बौरसाक एका पिशवीत काढून घेतले, यंत्र आत ठेवून खोकं बंद केलं, मागच्या फळीवर सरकवलं. मग फुलाफुलांचा रुमाल झटकून, चार घड्या घालून म्हातारीच्या हातात दिला.

कनिपा रुमाल हातात घेऊन जरा वेळ थांबली. रिकामं भांडं परत येत नाही, अशी तिला आयुष्यभराची सवय. पण पोरगी लहान होती, तिला कुणी शिकवलं नसेल. म्हातारीने तो रिकामाच रुमाल पुन्हा उलगडला, काउंटरवर पसरला, चारी टोकं एकत्र घेतली आणि वर दोन गाठी मारल्या.

बाहेर धुळीचा वारा सुटला होता. बसमध्ये एका बाईने उठून तिला जागा दिली आणि हात पुढे केला. "द्या अपा, ते गाठोडं मी धरते."

"नको गं," कनिपा म्हणाली. "जड नाहीये."