उडेपर्यंत

सूनबाईने तळ्याकडे बोट उचललं आणि अर्ध्यातूनच खाली घेतलं. मग तो हात शालीत लपवला, जणू बोटानेच काही आगळीक केली होती.

तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे रविवारी पाखरं पाहायला जमणाऱ्या मंडळींच्या चष्मेवाल्या काकांनी, ते पाहिलं. दुर्बिणीच्या काचा पुसायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली. काचा स्वच्छच होत्या.

"काय गं, आली का तुझी हिरवी?" बेकरीवाल्याने मागून विचारलं. भट्टी उरकून तो थेट तळ्यावर येई. भुवयांवर पीठ तसंच असे.

"नाही हो, दादा. ठिपकेवाली आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणाले होते तीच."

कापडगिरणीमागच्या त्या तळ्यावर हिवाळ्यात दोन जातींची तुतारी पाखरं उतरत, एक हिरवी आणि एक ठिपकेवाली. दोघी मूठभर, दोघी चिखलात शेपूट नाचवत चालणाऱ्या. लांबून पाठ तीच, चोच तीच. खरी खूण पंखाखाली. ठिपकेवालीचा पंख आतून फिकट, हिरवीचा काळा, काजळाची डबी उघडावी तसा. मंडळींच्या लक्षात राहावं म्हणून काकांनीच ओळ जुळवली होती: बसल्या तर जुळ्या बहिणी, उडाल्या तर कळे निशाणी. नियमही त्यांचाच. पाखरू आपण उडवायचं नाही, आणि ते आपल्या मर्जीने उडेपर्यंत नाव पक्कं करायचं नाही.

मागच्या रविवारी तो नियम त्यांनीच मोडला. वारा बोचत होता, चहाची तल्लफ आली होती. शिवाय उजव्या डोळ्यात हल्ली पहाटेचं धुकं दुपारपर्यंत रेंगाळायचं. गावभराच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाने ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"ठिपकेवाली," त्यांनी ठोकून दिलं होतं.

"बाबा, मला हिरवी वाटते," सूनबाई हळूच म्हणाली होती. पाखरांचा नाद तिला या घरात आल्यावरच लागला होता. "थांबू या का जरा?"

"घरचंच दुकान आहे, सूनबाई," काका सगळ्यांदेखत म्हणाले. "एक चष्मा घेऊन टाक. तुला फुकट!"

हशा पिकला. मंडळी टपरीकडे वळली. काका सगळ्यांच्या मागे होते, आणि तेवढ्यात तुतारी उडाली. पंखाखाली काळीकुळकुळीत. धुकं भरल्या डोळ्यालाही दिसावी इतकी. काठावर सूनबाई एकटी उभी होती. तिने वळून पाहिलं. दोघांची नजरानजर झाली.

"चल, चहा निवेल," काका म्हणाले.

घरी काकांच्या बायकोने तिला विचारलं, "काय दिसलं गं आज?"

"नेहमीचंच, आई," म्हणत सूनबाईने काकांच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला, रोज ठेवायची तसाच. त्या आठवड्यात दुकानात तक्त्यासमोर बसून कुणी चुकीचं अक्षर वाचलं, तरी त्यांना 'चूक' म्हणवेना.

आणि आज ती त्यांच्यासाठी खोटं बोलली होती. बोलताना आवाजसुद्धा कापला नव्हता. आठवड्याभरात पोर केवढं शिकली! शिकवलं कुणी?

"झालं तर मग. चला," बेकरीवाला म्हणाला.

काका काठावरच्या दगडावर बसले. "उडेपर्यंत थांबायचं."

"अहो काका, ती काय आपल्या घरची नोकर आहे? तिच्या मनात आलं तर दुपार करेल."

"करू दे."

मंडळी कुरकुरत टपरीकडे गेली. सूनबाई तेवढी राहिली.

"बाबा, गार वारा सुटलाय. रात्री खोकला लागतो तुम्हाला. चला ना."

काका हलले नाहीत. तिने तळ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा तळ्याकडे. तेव्हा काकांना उमगलं. पाखरू उडेल म्हणून ती धास्तावली होती. स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. त्यांना मान वर करवेना. चपलेला लागलेला चिखल ते काडीने काढत बसले, निघून गेला तरी काढत बसले.

मग शीळ घुमली. तुतारी पाण्यावरून तिरपी उठली, डोक्यावरून वळली आणि गिरणीच्या भिंतीपलीकडे गेली. पंखाखाली काळी.

"काय होती गं?"

सूनबाईने शाल सारखी केली. "तुम्ही म्हणाल ती."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

टपरीवरून बेकरीवाल्याने हाक घातली, "काय ठरलं हो, काका?"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "हिरवी!" आवाज फाटला. घसा खाकरून ते पुन्हा ओरडले, "मागच्या रविवारचीसुद्धा हिरवीच! मी उडताना पाहिली होती!"

टपरीवरून बेकरीवालाच म्हणाला, "म्हणजे चष्मा काकांनाच लागला की!"

हशा पाण्यावरून आला. काकांचे कान तापले. तो हशा त्यांनी उभ्याने अंगावर घेतला, पाऊस घ्यावा तसा. सूनबाई हसली नाही.

बांधावरची वाट एका माणसापुरतीच होती. ती नेहमीसारखी मागे थांबली. काका बाजूला झाले. तिला कळेना, मग ती पुढे झाली. थोडं चालून थबकली. शालीतून हात निघाला, बोट लव्हाळ्याकडे उठलं. या वेळी ते खाली आलं नाही.

काकांनी पाहिलं. धुकं, आणि धुक्यात हलणारं काहीतरी. जिभेवर एक नाव तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"काय आहे, पोरी?" त्यांनी विचारलं.