नेव्हियोची गिटार वर येत नाही

रविवारी जेवायला बसलो तेव्हाच मला कळलं की आज भांडण होणार. मी सार्डिन मासे तळले होते, बटाट्याची भाजी लसूण घालून परतली होती. नेव्हियो ताटाकडे बघत म्हणाला, "मिरेला, आज शेवटचं. आजही गिटार वर आली नाही तर काय ते ठरवून टाकू. बँडमध्ये एक तर तुझा कीबोर्ड राहील, नाहीतर माझी गिटार."

नवरा आहे हा माझा! लग्नाच्या आधीपासून आम्ही एका बँडमध्ये वाजवतोय. लग्नात सुद्धा आम्हीच वाजवलं होतं, मी नवरीची जाळीची ओढणी डोक्यावरून मागे टाकून.

"म्हणजे मीच जायचं ना?" मी म्हटलं. "मग सरळ बोल की. आडून आडून कशाला?"

त्याने पावाचा तुकडा तोडला, तेलात बुडवला आणि तोंडात टाकला. हिवाळ्यापासून हे असंच चाललं होतं. मी काही विचारावं आणि याने तोंडाला कुलूप लावून बसावं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता 'वर येणं' म्हणजे काय ते सांगते. चार माणसं एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येक वाद्याला आपापली जागा लागते. गिटार बिचारी मधोमध सापडते. खालून बास दाबतो, वरून ड्रमच्या झांजा दाबतात, आणि शेजारी कीबोर्ड पाय पसरून बसलेला असतो. नवशिका माणूस घरी एकट्याने गिटार लावतो, खालचा घुमारा वाढवतो, वरची चमक वाढवतो, मधला आवाज काढून टाकतो. असं गोड वाजतं की स्वतःच्याच प्रेमात पडावं. तोच आवाज घेऊन तो बँडमध्ये येतो, ड्रम सुरू होतो आणि गिटार गायब! वाजवणाऱ्याची बोटं तेवढी हलताना दिसतात.

हे आमच्या रियेका शहरातल्या अर्ध्या गिटारवाल्यांना शिकवलं कोणी? नेव्हियोने. "मधला आवाज वाढव," तो सांगायचा. "एकट्याने ऐकशील तर नाकात बोलल्यासारखं वाटेल. वाटू दे. चौघांत तेच उभं राहतं. आणि ओरडायचं नाही. जागा शोधायची." त्याची गिटार कधी मोठी नसायची, पण चौकाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीला सुद्धा प्रत्येक सूर कळायचा. मी त्याच गिटारीवर भुलले होते, माणूस नंतर पाहिला.

आणि हाच माणूस हिवाळ्यापासून एकच धोशा लावून बसला होता, "मी वर येत नाही."

आधी त्याने तारा बदलल्या. मग अँप्लिफायरच्या, म्हणजे गिटारच्या आवाजाच्या पेटीतला स्पीकर बदलला. मग झ्द्राव्कोच्या झांजांना दोष दिला. झ्द्राव्को आमचा ड्रमवाला, गायीपेक्षा गरीब. तो म्हणाला, "बरं, हळू मारतो." तरी नाही. शेवटी गाडी माझ्यावर आली. कीबोर्ड आणि गिटार एकाच पट्ट्यात भांडतात हे खरंच आहे, म्हणून मी पण ऐकून घेतलं. आधी डावा हात सोडला. मग ते भरगच्च, लांबलचक सूर सोडले. मग उजव्या हाताच्या जोडस्वरांनाही रामराम ठोकला. शेवटी शेवटी मी बालवाडीतल्या पोरीसारखी एका बोटाने वाजवत होते. आणि हा म्हणतो, अजून तूच खातेस मला! मी मेली एका बोटाने काय खाणार होते?

बरं, गिटार ऐकू येत नव्हती असंही नाही. उलट करवतीसारखी कानात जायची. चमकेचं बटण त्याने शेवटपर्यंत पिळलेलं. झ्द्राव्को कागदी रुमालाचे बोळे करून कानात घालायचा. एगन बास वाजवतो आणि गातो, माझा मामेभाऊ आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "नेव्हियो, बाबा रे, या आवाजाने माझी दाढी होऊन निघाली. न्हाव्याचा धंदा बसवशील."

"तुम्ही पेटीच्या समोर उभे आहात म्हणून," नेव्हियो म्हणायचा. "माझ्या जागी येऊन बघा."

आणि हे बोलणंही खोटं नव्हतं. गिटारची पेटी जमिनीवर असते, तिचा धारदार आवाज सरळ समोर जातो. वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतं, कानाला नाही. वाजवणारी सगळी माणसं हे जाणतात. म्हणून आम्ही मान डोलावली आणि पेटी खुर्चीवर ठेवली, त्याच्या कानाशी. तरी नाही. मग एगन म्हणाला, वय झालं की गिटारवाले हट्टी होतातच. आम्ही हसून सोडून दिलं.

एगनला हसता येत होतं. मला घरी त्याच माणसाबरोबर राहायचं होतं. स्वयंपाकघरातून हाका मारून माझा घसा सुकायचा, ओ म्हणून नाही. आणि एगनने खाली रस्त्यावरून आपल्या रेड्यासारख्या आवाजात एक हाक मारली की हा टुणकन उठून खिडकीत! मला काय वाटलं असेल? मामेभावासाठी कान आहेत, बायकोसाठी नाहीत. मला वाटलं, संपलं. माणसाचं मन उडालं माझ्यावरून. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मग मीही बोलायचं कमी केलं. मीठ दे, दार लाव, एवढंच. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि तो विचारतोय का याची वाट बघायचे. तो विचारायचा नाही.

तर त्या रविवारी जेवून आम्ही तालमीला गेलो. नदीकाठी कागदाचा जुना कारखाना आहे, त्याच्या दगडी तळघरात आमची तालीम चालते. शुक्रवारी शहराच्या रक्षक संताचा, संत वीदचा सण, म्हणजे सगळं शहर चौकात आमचं वाजवणं ऐकायला. त्या आधी निकाल लागायलाच हवा होता.

"एकेक उठू या," एगन म्हणाला.

ही आमची जुनी रीत. कुठलं वाद्य कुणाला झाकतंय ते कळेना झालं की तोच एक तुकडा गोल गोल वाजवत राहायचं आणि जेवणाच्या टेबलावरून उठावं तसं एकेकाने थांबायचं. ज्याच्या थांबण्याने गाणं मोकळं होईल तो गुन्हेगार. गुन्हेगाराने सगळ्यांना कॉफी पाजायची. त्यावर वाद घालायचा नाही.

"आधी बाईसाहेब," एगन माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाला. "कॉफीबरोबर केकही सांग गं."

"तुझ्या तोंडात माती," मी म्हटलं.

सुरू केलं. नेव्हियोने डोळे मिटले, डोकं पेटीकडे कललं. मी हात उचलून मांडीवर ठेवले. तो वाजवत राहिला आणि त्याने मान हलवली. नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बघा, बघा, मी नव्हते! इतके महिने माझ्या नावाने खडे फोडत होता ना! मी एगनकडे जीभ काढून दाखवली.

मग झ्द्राव्को थांबला. नेव्हियो डोळे न उघडता म्हणाला, "थोडं मोकळं झालं. पण आहे अजून कोणीतरी."

मग एगन थांबला. आता त्या दगडी खोलीत एकटी गिटार. दुसरं काही म्हणजे काही नाही. तिचा सूर असा टोकदार की माझे दात आंबले. नेव्हियोने तो तुकडा पुन्हा एकदा वाजवला, तारांवर तळवा ठेवून त्या दाबल्या आणि तसाच मिटल्या डोळ्यांनी उभा राहिला.

"छान," तो म्हणाला. "खालचं सगळं गेलं. आता ती शिट्टी तेवढी कोण धरून बसलंय? कीबोर्डची वरची पट्टी आहे ती. मिरेला, बोट काढ ना गं. तीच, तीच खाते मला."

झ्द्राव्कोच्या काठ्या मांडीवर होत्या. एगनने बासच्या तारा मुठीत धरल्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी हळूच एक बोट पट्टीवर ठेवलं, न दाबता, आणि मोठ्याने म्हटलं, "हो रे, मीच! राहिलं चुकून. हे बघ, काढलं."

त्याने डोळे उघडले. मी हात वर करून दाखवला.

तो हसला. किती दिवसांनी तो माझ्याकडे बघून हसला! "तरी म्हटलं," तो म्हणाला. "कॉफी तुझ्याकडे." आणि ती शिट्टी थांबण्याची वाट बघत राहिला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. हसू हळूहळू गेलं. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. गिटारची वायर उपसली. पेटीचं बटण बंद केलं. पेटीवरचा लाल दिवा विझला तरी तो तिच्याकडे बघत होता. मग माझ्या कीबोर्डपाशी आला आणि त्याचीही वायर भिंतीतून काढली.

"अजून आहे," तो म्हणाला.

"घरी पण येते का रे ती शिट्टी?" मी विचारलं. तो दिवा विझलेल्या पेटीकडेच बघत होता. मी पुन्हा विचारलं. मग एगनने आपल्या जाड आवाजात विचारलं, "नेव्हियो, घरी पण येते?" आणि तो लगेच वळला.

"येते की. मला वाटायचं फ्रिजची आहे. मी म्हणत नव्हतो का, फ्रिज बदलू या म्हणून?"

शिट्टी त्याच्याच कानात होती. एगनचं ऐकू आलं, माझं नाही. एगनचा आवाज जाड, माझा बारीक. एवढंच होतं. देवा, एवढंच होतं! त्याच्या कानातून वरचे सूर गेले होते, गिटारची चमक गेली होती, आणि त्यांच्याबरोबर मी गेले होते.

"मग गिटार?" नेव्हियोने विचारलं. "ती वर येत होती?"

"पहिल्या दिवसापासून, बाबा," झ्द्राव्को म्हणाला. "आमचे कान फुटायची वेळ आली." आणि आपण काय बोललो ते कळून त्याने तोंडावर हात ठेवला.

नेव्हियो खुर्चीवर बसला. एगन डॉक्टरबद्दल काहीतरी बोलू लागला, त्याच्या ओळखीचा एक कानाचा डॉक्टर आहे, हल्ली यंत्रं मिळतात, दिसत पण नाहीत. बोलता बोलता मध्येच थांबून तो झ्द्राव्कोला ओढून बाहेर घेऊन गेला. कॉफी आणतो म्हणाला.

मी नेव्हियोसमोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, याला सगळं सांगून टाकावं, मी काय काय समजून बसले होते ते. पण तोच आधी बोलला.

"मला वाटलं तू माझ्यावर चिडलीस," तो म्हणाला. "हिवाळ्यात कधीतरी तू तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीस. मी दोनदा विचारलं की डोळे वटारायचीस. म्हटलं, हिला आता माझ्याशी धड बोलायचीही इच्छा राहिली नाही. मग मी विचारायचं सोडलं. बोलतेस तेव्हा मान हलवायचो, झालं. रात्री तुझी पाठ दिसायची. वाटायचं, निदान गिटार तरी नीट ऐकू यावी."

त्याने हे सगळं माझ्या ओठांकडे बघत सांगितलं. किती महिने तो असा माझ्या ओठांकडे बघत असेल, आणि मी मेली तोंड फिरवून चालू पडत असेन.

"नाही रे," मी म्हटलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे रे. पहिल्याइतकंच आहे." पण मला रडू आवरेना, ओठ थरथरत होते, शब्द अर्धे आत, अर्धे बाहेर.

तो पुढे वाकला. माझी हनुवटी हातात धरून त्याने माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.