कोरडी बोअर

गिरणीला टाळं लागलं तेव्हा चांगदेवजींच्या हातात तेवीस वर्षांचा एक हुन्नर उरला: मागाच्या खात्यात हवा गार अन् दमट ठेवायचा. इंदूरच्या बाजारात या हुन्नराला गिऱ्हाईक नव्हतं. भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासनं मात्र चौकीदारीची वर्दी देऊ केली होती. सोमवारी जबाब द्यायचा होता.

"वर्दी चांगली दिसेल तुम्हाला," त्यांच्या बायको मीराबाई म्हणाल्या. हे त्या कौतुकानं म्हणाल्या नव्हत्या.

शुक्रवारी चांगदेवजी अन्नपूर्णा मंदिराजवळ चिंतामण मास्तरांकडे गेले. पंधरा फूट रुंदीचं घर, तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, आत मे महिन्याची भट्टी. मागच्या चौकात दोनशे फूट खोल बोअर होती, थेंबभर पाणी नसलेली. तिच्यावरून गल्लीनं मास्तरांची दोन वर्षं मस्करी केली होती.

"जमीन खाली गारच असते, मास्तर. पाणी नाही तर न सही."

त्यांनी बोअरमध्ये दुहेरी नळी सोडली, भोवती चिखल भरला अन् छोट्या पंपानं नळीतून पाणी खालीवर फिरवलं. वर आलेलं गार पाणी सवयीनं पंख्यापुढे फवारलं. खोली थंडगार. मास्तर म्हणाले, "क्या बात है भिया!"

संध्याकाळी मास्तरांच्या बायको शशिकलाबाईंनी पापडाचा डबा पुढे केला. पापड रुमालासारखे वाकत होते. काडेपेटीतली काडी पेटेना.

"गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा दमटच ठेवतो," चांगदेवजी म्हणाले.

"आमच्याकडे सूत नाही, चांगदेवजी. माणसं राहतात."

शनिवारी त्यांनी भंगारातून ट्रकचा रेडिएटर आणला. आता पाणी नळीबाहेर सांडत नव्हतं. रेडिएटरमधून फिरून परत जमिनीत जाई, अन् पंखा त्यातून फक्त गारवा घेई.

रविवारी दुपारी बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती. शशिकलाबाईंनी भाजलेला पापड ताटात उघडा ठेवला. तासाभरानं मोडला. कडाक.

"पास," त्या म्हणाल्या, अन् उरलेला तुकडा चांगदेवजींना दिला. तेवीस वर्षांत मॅनेजरनं एवढं मोठं सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

सोमवारी चांगदेवजी इस्त्रीच्या शर्टात कोचिंग क्लासला गेले. पत्र्याखाली साठ पोरं वह्यांनी वारा घेत होती.

"तो फिर, हो का नाही?" मालकानं विचारलं.

चांगदेवजींनी मागच्या अंगणाकडे मान वळवली.

"ते नंतर. तुमच्याकडे एखादी कोरडी बोअर आहे का?"